टाच एकच आहे

१

पाटी चौथ्यांदा गेली.

पहिल्यांदा गेली तेव्हा पाटीबाईंनी नुसती मान हलवली होती. दुसऱ्यांदा कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा घरी जाऊन नवऱ्यावर राग काढला, आणि त्या बिचाऱ्यानं तर पाटी पाहिलीही नव्हती. आता चौथ्यांदा चिडायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

पाटीबाई म्हणजे नगर कार्यालयातल्या फलक विभागाच्या प्रमुख. विभागात त्या आणि एक मिस्त्री, दोघंच. त्यामुळे प्रमुख म्हणजे मिस्त्रीच्या प्रमुख. बसायची जागा जिन्याखाली. डोक्यावरचा पंखा साहेबांसारखा, मनात आलं तरच हलणारा.

दीड वर्षापूर्वी कार्यालयाला हुक्की आली, की दंतकथांमधली ठिकाणं शोधून तिथे निळ्या पाट्या लावायच्या. या भागात फार पूर्वी एक राक्षस राहायचा म्हणे. त्यानं डोकं टेकलं ती टेकडी म्हणजे 'उशी'. एका घोटात रिकामं केलं ते 'घोटतळं'. आणि आजारी बायकोसाठी ओंजळीत औषधाचं पाणी घेऊन धावताना नदीकाठच्या खडकात त्याचा पाय रुतला, ती 'टाच'. तो वेळेवर पोचला की नाही, याबद्दल लोकांत दोन मतं आहेत. उशीची, घोटतळ्याची पाटी उन्हापावसात खुशाल उभी होती. जायची ती फक्त टाचेची.

"मिस्त्रीचंच काम आहे हे," साहेब म्हणाले. त्यांनी नदीकाठ जन्मात पाहिला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं हा त्यांचा रोजचा व्यायाम. "पाटी काढून नट-बोल्ट पुन्हा नीट लावून ठेवतो. असा कोणता भुरटा चोर असतो हो? हा धंदेवाल्याचा हात आहे. पत्रा विकत असणार."

"साहेब, पत्राच विकायचा तर इतक्या पाट्या आहेत. तो एकाच पाटीच्या मागे का लागेल? आणि मिस्त्रींच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मग चोर दाखवा ना! आज ऑफिस सुटायच्या आत. नाहीतर उद्यापासून मिस्त्रीनं यायचं नाही, आणि निवृत्तीचं काही मिळायचंही नाही."

बाहेर मिस्त्री शिडी धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाई," ते म्हणाले, "चार वेळा मीच लावली ती पाटी. लावायला कुणी आलं नाही. चोर म्हणायला मात्र सगळे आले."

पाटीबाईंनी पर्स उचलली आणि त्या जिना उतरल्या. आज त्यांना कुणाचा तरी गळा धरायचाच होता, फक्त कुणाचा ते ठरायचं होतं.

२

नदीचा जुना उतार गावाबाहेर आहे. पूर्वी लोक इथूनच पाण्यात उतरून पलीकडे जात, आणि इथल्याच खडकात ती टाचेच्या आकाराची खोलगट जागा आहे, बारा महिने पाण्यानं भरलेली. मग चार किलोमीटर वर पूल झाला. रस्ता तिकडे गेला, बसचा थांबा तिकडे गेला, आणि नावही बसमध्ये बसून तिकडे गेलं. टाचेवर उतरणारी माणसं पुलाच्या चौकात उतरू लागली, आणि आपण उतरलो तीच टाच असं म्हणू लागली. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. चौकात टाच मेडिकल आहे, टाच सायकल मार्ट आहे. खडकातली टाच कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

एका माणसाच्या मात्र होती. निवृत्त शाळामास्तर, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणतं, ते या एका गोष्टीसाठी वीस वर्षं भांडले. अर्ज केले, सभेत टेबलावर मूठ आपटली. "टाच एकच आहे! आणि ती चौकात नाही!" हे वाक्य ऐकून ऐकून लोकांचे कान किटले. शेवटी पाट्यांची समिती झाली, गुरुजी तिचे अध्यक्ष झाले, आणि 'टाच'ची पाटी उताराकडच्या वळणावर लागली. चौकाला 'पूल चौक' अशी पाटी मिळाली. ती कुणी वाचली नाही.

पाटीबाई आता त्या वळणावरच्या रिकाम्या खांबाकडे बघत उभ्या होत्या. खांब जागच्या जागी, वरती दोन बोल्ट, त्यांना नट. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वॉशर उलट्या बाजूला होते. मिस्त्री वॉशर नेहमी नटाखाली घालतात. पंधरा वर्षं त्यांच्या शिडीचं टोक धरून पाटीबाईंनी दुसरं काय पाहिलं होतं? इथे ते बोल्टच्या डोक्याखाली होते. म्हणजे हात मिस्त्रीचा नाही. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय आहे, पण काम येत नाही, असा कुणीतरी.

खाली ओल्या मातीत चार चौकोनी खळगे होते. शिडीचे दोन असतात. हे स्टुलाचे पाय.

"मॅडम, राक्षसानं नेली असेल!" मागून आवाज आला.

उतारावरच्या हॉटेलचा मालक. माणूस इतका उंच की दारातून आत जाताना नमस्कार केल्यासारखा वाकतो. त्याला हे नाव पहिल्यापासून नको होतं; 'टाच' वाचून गिऱ्हाईकाला भेगा आठवतात, असं त्याचं म्हणणं. त्याला 'सूर्यास्त दर्शन' हवं होतं.

"तुम्हाला बरंच झालं असेल," पाटीबाई म्हणाल्या.

"झालं तर! पण मी काढली नाही हो. हे स्टुलाचे खळगे मीही पाहिलेत, पण मला पाटीसाठी स्टूल कशाला लागेल? हात वर केला की पोचतो." त्यानं हात वर केला. पोचला. "उलट आता धंदा वाढलाय. लोक सांगतात, रिकाम्या खांबाजवळचं हॉटेल. मी गिऱ्हाइकांना सांगतो, राक्षस येऊन पाटी काढतो, त्याला आपला पत्ता उघड झालेला चालत नाही. टाळ्या देतात! ती पाटी होती तेव्हा मात्र नुसता ताप. चौकात जायची माणसं इथे येऊन उभी राहायची. एकदा तर अँब्युलन्स आली. पेशंट कुठाय म्हणे. मी म्हटलं, बाबा, इथे पेशंट सोड, गिऱ्हाईकसुद्धा नाही."

"इथे दुपारचं कोण येतं?"

"कोण येणार? गुरुजी येतात बिचारे. बायको गेल्यापासून रोज रिक्षानं येऊन पाण्याजवळ बसतात. मी चहा पाठवतो, घेत नाहीत."

पाटीबाईंना त्या क्षणी गुरुजींची नव्हे, स्टुलाची काळजी होती. चौकातल्या एका दुकानात दारापाशी लाकडी स्टूल असतं, आणि त्या दुकानाच्या मालकिणीनं भर सभेत ओरडून सांगितलं होतं, "ती पाटी मी टिकू देणार नाही!"

३

टाच मेडिकलची मालकीण सगळ्या गावाची ताई होती. बुटकी, आवाजानं उंच. समितीनं तिला दुकानाचं नाव बदलायची नोटीस दिली होती; तिनं ती काचेवर उलटी चिकटवली होती.

"ताई, हे स्टूल जरा बघू?"

"बसा की. पेशंटसाठीच ठेवलंय."

पाटीबाईंनी स्टूल आडवं केलं. चारही पायांना बोटभर उंचीपर्यंत वाळलेली माती, नदीकाठची, करडी. चौकातली माती तांबडी आहे.

"सभेत तुम्ही काय म्हणाला होतात?"

"तेच आत्ताही म्हणते!" ताईचा पारा चढला. "माझ्या सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हापासून ही टाच आहे. लोक मध्यरात्री फोन करतात, टाचेवरून औषध पाठवा म्हणून. आणि तुम्ही कागदावर चार ओळी लिहून टाच उचलून नदीत नेऊन टाकता! पण मी बोलते ते तोंडावर बोलते. चोरून पाट्या काढायला मला वेळ आहे का? सकाळी नऊपासून इथून हलता येत नाही."

"मग ही माती?"

"स्टूल काय मी एकटी वापरते? सगळी गल्ली नेते. दिवा बदलायला, पडदे लावायला. बसायला सुद्धा नेतात. चोर म्हणायचं असेल तर स्टुलाला म्हणा!" आणि तिनं स्टूल ओढून घेतलं.

पाटीबाई तिथून निघाल्या तेव्हा दुपार झाली होती, पोटात कावळे ओरडत होते आणि हाती भोपळा होता. पाटी काढणारा हात मिस्त्रीचा नाही, हॉटेलवाल्याचा नाही, ताईचाही नाही. गाव काय पाट्या खातं का? आता एकच माणूस उरला होता, ज्याला या पाटीची इत्थंभूत माहिती होती. त्याच्याकडे जायचं म्हणजे तासभर भाषण ऐकायची तयारी हवी. त्या मेडिकलच्या मागचा, गुरुजींच्या घराचा जिना चढल्या.

४

गुरुजींच्या घरात पुस्तकं छतापर्यंत होती आणि आवाज अजिबात नव्हता. खिडकीत काकूंचा चष्मा तसाच ठेवलेला. दोन महिन्यांपूर्वी काकू हृदयविकारानं गेल्या तेव्हा पाटीबाई येऊन गेल्या होत्या. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आज कोपऱ्यातल्या फोनची वायरसुद्धा काढून गुंडाळून ठेवलेली दिसली.

"गुरुजी, पाटी पुन्हा गेली."

"हं."

"चौथ्यांदा."

"कानावर आलं."

पाटीबाई थांबल्या. हाच माणूस पाटी एका बाजूला बोटभर कलली म्हणून ओळंबा घेऊन जिन्याखाली आला होता. निळा रंग फिका आहे म्हणून तीन वेळा आला होता.

"साहेबांना मिस्त्रीचा संशय आहे," असं त्या म्हणणार होत्या. पण गुरुजींचा चेहरा इतका उतरलेला होता की तो विषय काढवेना. त्या म्हणाल्या, "मी आत्ता टाचेवरच होते, ताईच्या दुकानात..." आणि त्यांनी जीभ चावली. संपलं. चौकाला टाच म्हटलं की गुरुजी समोरच्याला खुर्चीत बसवून पहिल्यापासून सगळं सांगतात. एकदा त्यांनी लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी अडवून सांगितलं होतं.

गुरुजी उठले. "पाणी घेता?" एवढंच म्हणाले.

पाणी पिऊन पाटीबाई जिना उतरल्या. तिसऱ्या पायरीवर थबकल्या. दुःखानं माणूस गप्प होतो, कबूल. पण वीस वर्षांची खोड दुःखानं जाते? पहिली पाटी गेली ती काकू गेल्यावर आठवड्याभरानं. चार चोऱ्या झाल्या आणि या माणसाची एकही तक्रार नाही. ताईचं स्टूल खालीच असतं. बसायला सुद्धा नेतात. आणि नदीकाठी रोज कोण बसतं?

पाटीबाईंना स्वतःचाच राग आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण लगेच दुसरा राग आला, तो जास्त मोठा. हे खरं असेल तर याला काही अर्थच नव्हता. ज्या माणसानं आयुष्य झिजवून ती पाटी लावून घेतली, तो ती का काढेल? कारणाशिवाय साहेबांपुढे उभं राहिलं तर साहेब हसतील, आणि मिस्त्री घरी जातील.

कुणीतरी सकाळी आणखी काहीतरी बोललं होतं. त्यांनी तेव्हा कानाआड केलं होतं. पेशंट कुठाय म्हणे.

५

सरकारी दवाखान्याच्या आवारात अँब्युलन्सचा ड्रायव्हर गाडी धूत होता. उताराचं नाव काढताच त्यानं पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"तुम्ही चौकशीला आलात का? मी सगळं लिहून दिलंय."

"चौकशीला नाही. नुसतं सांगा."

"मला नोकरीला लागून आठवडा झाला होता. मी या गावचा नाही. दुपारी फोन आला. वयस्कर माणूस, धाप लागलेली. म्हणाले, बायको कोसळलीय, टाचेवर या. मला आत कुणीतरी सांगितलं होतं की टाच म्हणून दोन जागा आहेत, नीट विचारून घ्यायचं. म्हणून मी विचारलं, आजोबा, कुठली टाच?"

ड्रायव्हरनं हात पुसले, पुसतच राहिला.

"ते ओरडले माझ्यावर. कुठली म्हणजे? टाच एकच आहे! लवकर या! आणि फोन ठेवला. मग मी पाट्या बघत गेलो. पाटीवर बाण होता, खालच्या रस्त्याला. गेलो. तिथे एक उंच माणूस होता, तो म्हणाला इथे कुणी नाही. परत फोन लावला तर उचलेनात, त्यांच्याजवळ बसले असतील. विचारत विचारत चौकात आलो तोवर..." त्यानं पाइप पुन्हा उचलला. "डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगणार नाही. मला रोज आठवतं तेवढं पुरे आहे."

पाटीबाईंना सकाळपासून ज्याचा गळा धरायचा होता तो सापडला होता, आणि हात उचलत नव्हता. घड्याळात चार वाजून गेले होते. त्यांनी मिस्त्रींना फोन केला. "उतारावर या. शिडी नको."

६

गुरुजी खडकावर स्टूल टाकून बसले होते. पाटीबाई जवळ गेल्या तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

राक्षसाच्या टाचेत पाणी निवळ होतं. तळाशी निळे पत्रे एकावर एक नीट रचलेले दिसत होते, चारही पत्र्यांच्या कडा एका रेषेत. शाळामास्तरांचा हात.

"ड्रायव्हरला भेटून आले," पाटीबाई म्हणाल्या.

गुरुजींनी वाकून पाण्यावर तरंगणारं एक पान काढलं. मग म्हणाले, "घरात आम्ही टाचच म्हणायचो. ही म्हणायची, टाचेवरून येताना लिंबं आणा. मी म्हणायचो, बरं. सभेत एक, घरात एक. मला कधी वावगं वाटलं नाही. आणि त्या दिवशी फोन हातात घेतल्यावर तोंडातून घरचं निघालं. तो पोरगा बिचारा विचारत होता, कुठली टाच. आणि मी त्याला सभेतलं उत्तर दिलं."

"गुरुजी, तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तर पाटी हलवली असती."

"काय सांगू? कुणाला?" त्यांचा आवाज एकदम चढला, मूठ गुडघ्यावर आपटली. "ज्यांना वीस वर्षं अडाणी म्हटलं त्यांना? की तुम्ही बरोबर होतात, आणि मला ते कळायला ही जावी लागली? दर वेळी वाटायचं, आता लावणार नाहीत. आणि तुमचा तो मिस्त्री! दर वेळी नवी पाटी! पुन्हा बाण, पुन्हा खालचा रस्ता. पुन्हा कुणीतरी गाडी घेऊन इथे येणार आणि तिकडे कुणाची तरी..."

पाटीबाईंचे डोळे भरून आले. तरी बोलायचं ते बोलावंच लागणार होतं.

"मिस्त्रींना उद्यापासून काढून टाकताहेत. चोरीबद्दल. साहेबांना वाटतंय पाट्या त्यांनी विकल्या."

गुरुजींनी आता पहिल्यांदा वळून पाहिलं. मागे मिस्त्री उभे होते, टोपी हातात घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आज त्यांच्या नशिबी दिवसभर ऐकणंच होतं.

"मला हे माहीत नव्हतं," गुरुजी म्हणाले. "देवाशपथ माहीत नव्हतं." आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उतरले.

ऑफिस सुटायला थोडा वेळ असताना साहेबांच्या टेबलावर चार ओल्या पाट्या ठेवल्या गेल्या. काच, फायली, साहेबांची बाही, सगळं भिजलं. गुरुजींनी उभ्यानं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. साहेबांना चोर हवा होता. पण हा चोर त्यांच्याच समितीचा अध्यक्ष निघाला, आणि पाटी उताराला लावायच्या आदेशावर सही साहेबांची होती. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "मिस्त्रींचं प्रकरण मिटलं," ते म्हणाले. "पण पाटी चौकात लावायची म्हणजे समितीचा निर्णय लागेल."

"समिती म्हणजे मीच," गुरुजी म्हणाले. "बाकीचे दोघं माझ्या भाषणांना कंटाळून यायचे बंद झालेत. आत्ताच लिहून देतो."

चौकातली पाटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागली. त्या चार पाट्यांतलीच एक, बाणावर निळा रंग मारलेली. मिस्त्री शिडीवर, वॉशर नटाखाली. ताई दुकानातून बाहेर आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, गुरुजींकडे पाहिलं आणि आत जाऊन मिस्त्रींसाठी पाणी घेऊन आली. पाटीबाई शिडीचं टोक धरून उभ्या होत्या. उताराच्या वळणावर काय लिहायचं असं त्यांनी विचारलं होतं. गुरुजी म्हणाले होते, काही लिहू नका. हॉटेलवाल्यानं तोवर रंगाऱ्याला बोलावून 'हॉटेल रिकामा खांब' असा मोठा बोर्ड सांगितलासुद्धा होता.

"गुरुजी, सरळ आहे का बघा," मिस्त्री वरून म्हणाले.

गुरुजींनी ओळंबा आणला नव्हता. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि गाडी जिथून वळेल तिथून पाटीकडे बघत राहिले. "दुरून दिसते," ते म्हणाले. "राहू द्या."

तेवढ्यात बस थांबली. एक बाई हातात पिशवी, कडेवर तापानं सुकलेलं पोर घेऊन घाईनं उतरली आणि समोर दिसलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिनं विचारलं, "अहो, टाच हीच का? मेडिकल आहे म्हणे इथे. का ती दुसरी कुठली टाच आहे?"

"हीच," गुरुजी म्हणाले. "टाच एकच आहे." आणि पोराला बसवायला त्यांनी ताईच्या दारातलं स्टूल पुढे ओढलं.